तार कुठून निघते, कुठे पोचते: एका इंटरप्ट-वर्णनाचं काम

लिनक्स कर्नलच्या, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, सोर्समध्ये 'डॉक्युमेंटेशन' नावाची डिरेक्टरी आहे. तिच्यात डिव्हाइस ट्रीचा, म्हणजे हार्डवेअरच्या लेखी वर्णनाचा, एक कप्पा आहे आणि त्या कप्प्यात 'बायंडिंग्ज'. कुठल्या चिपचं वर्णन कर्नलला कोणत्या शब्दांत सांगायचं, याचे नियम तिथे हजारो फाइलींमध्ये लिहिलेले आहेत. आमच्या बोर्डवरच्या प्रोसेसरमध्ये एक सिरियल ब्लॉक, म्हणजे तारेवरून एकेक बिट पाठवणारा-घेणारा भाग, आहे. त्याचीही फाइल तिथे होती, पण जुन्या पद्धतीची, साध्या मजकुरातली, जेमतेम पानभर. इंटरप्ट म्हणजे 'माझ्याकडे बघ' असा डिव्हाइसने प्रोसेसरला तारेवरून दिलेला इशारा. त्याबद्दल तीत एकच ओळ होती: या डिव्हाइसचे इंटरप्ट इथे द्यावेत. किती द्यायचे, कोणत्या क्रमाने, कोणता कशासाठी, याचा पत्ता नाही. ती फाइल नव्या स्कीमाच्या, म्हणजे मशीनला तपासता येणाऱ्या नियमांच्या, रूपात लिहून काढायचं काम मी घेतलं. बाकीची फाइल भराभर झाली. त्या एका ओळीच्या जागी काय लिहायचं, यात मात्र बहुतेक वेळ गेला.

आम्ही पुण्यात कारखान्यांमधल्या पंपांची आणि मोटारींची कंपनं मोजणारे कंट्रोलर बनवतो. प्रोसेसरसोबत मिळालेल्या जुन्या कर्नलवर आमचं उत्पादन बरीच वर्षं चाललं. पुढे त्या कर्नलला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळेनाशा झाल्या आणि मेनलाइनवर, म्हणजे लिनक्सच्या मूळ अधिकृत कर्नलवर, जायचं ठरलं. ड्रायव्हर, म्हणजे त्या ब्लॉकला चालवणारा कोड, मेनलाइनमध्ये आधीपासून होता, त्यामुळे बोर्ड बूट व्हायला अडचण आली नाही. पण आमच्या बोर्डचं वर्णन असलेली डीटीएस फाइल तपासायला घेतली, तेव्हा चेकरने सांगितलं की या डिव्हाइसच्या नावाशी जुळणारा स्कीमाच सापडत नाही. साध्या मजकुराची फाइल माणसाने वाचायची असते, चेकरला ती दिसतही नाही.

हे वर्णन मुळात लागतं कशाला? यूएसबीचं उपकरण जोडलं की ते आपली ओळख स्वतः सांगतं. पीसीआय कार्डही सांगतं. प्रोसेसरच्या आत बसवलेला सिरियल ब्लॉक किंवा आय-टू-सी बसवरचा सेन्सर मात्र स्वतःहून इंटरप्टबद्दल काहीच सांगत नाही. तो कोणत्या पत्त्यावर आहे, त्याची इंटरप्टची तार कंट्रोलरच्या कितव्या इनपुटवर जाते, हे कुणीतरी लिहून द्यावंच लागतं. पूर्वी आर्म प्रोसेसरांच्या जगात हे सगळं सी भाषेतल्या बोर्ड फाइलींमध्ये असे. प्रत्येक प्रोसेसर-घराण्याची स्वतःची हेडर फाइल आणि तीत इंटरप्टच्या क्रमांकांची लांबलचक यादी. बोर्ड वाढत गेले तशी ही गर्दी वाढली. २०११ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी तिच्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली आणि त्यानंतर आर्मने डिव्हाइस ट्रीची वाट धरली. कल्पना तेव्हा नवी नव्हती. सनच्या वर्कस्टेशनांवरच्या ओपन फर्मवेअरमधून ती आली होती, १९९४ मध्ये आयईईई १२७५ या क्रमांकाने तिचं मानक झालं होतं आणि पॉवरपीसीवर ती चांगली रुळली होती. याम्ल या साध्या मजकुराच्या स्वरूपात लिहिलेले, मशीनला तपासता येणारे स्कीमा त्यामानाने अलीकडचे. डिव्हाइस ट्रीचे मेंटेनर रॉब हेरिंग यांच्या पुढाकाराने ते आले आणि २०१९ च्या आसपासपासून जुन्या मजकुराच्या फाइली एकेक करून तिकडे हलू लागल्या. आमची फाइल त्या रांगेत मागे राहिलेली.

आता मूळ प्रश्न. या सिरियल ब्लॉकमधून इंटरप्टच्या तारा निघतात किती?

ड्रायव्हरचा कोड उघडला तर तो दोन मागत होता. शून्यावा आणि पहिला, म्हणजे नावाने नव्हे, क्रमाने. शून्यावा रिसीव्हचा, पहिला ट्रान्समिटचा. जुन्या कर्नलमधल्या डीटीएस फाइलीतही दोनच होते. प्रोसेसरचं मॅन्युअल उघडलं तर तारा तीन: रिसीव्ह, ट्रान्समिट आणि एरर. एररची तार म्हणजे फ्रेमिंग किंवा पॅरिटीची चूक झाली की वर जाणारी. ड्रायव्हर तिच्याकडे ढुंकूनही पाहत नव्हता.

माझ्या शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याने सरळ विचारलं, "ड्रायव्हर वापरतच नाही, तर ती लिहायची कशाला?" प्रश्न रास्त आहे आणि नवीन माणसाला हमखास पडतो. माझं उत्तर तेव्हाही ठाम होतं, आजही आहे. बायंडिंग हे हार्डवेअरचं वर्णन आहे, ड्रायव्हरच्या गरजांची यादी नव्हे. आजचा लिनक्स ड्रायव्हर दोनच तारा वापरतो म्हणून तिसरी तार सिलिकॉनमधून नाहीशी होत नाही. शिवाय हीच वर्णनं यू-बूट हा बूटलोडर वापरतो, फ्रीबीएसडी ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम वापरते. उद्या त्यांच्यापैकी कुणाला किंवा लिनक्सच्याच पुढच्या ड्रायव्हरला ती तार लागली, तर वर्णन आधीच पुरं असायला हवं. कारखान्यात बसलेल्या बोर्डवरची डीटीबी फाइल, म्हणजे डीटीएसचं कंपाइल केलेलं रूप, कित्येकदा वर्षानुवर्षं बदलली जात नाही, कर्नल मात्र बदलतो. जुनी डीटीबी नव्या कर्नलवरही चालली पाहिजे, हा इथला पाळला जाणारा करार आहे. वर्णन अर्धवट असेल तर त्याचा भुर्दंड पुढे कुणाला तरी भरावा लागतो.

तेव्हा तीन तारा लिहायच्या, हे ठरलं. आता त्यांचे क्रमांक. बायंडिंगच्या उदाहरणात आणि आमच्या डीटीएसमध्ये प्रत्यक्ष क्रमांक घालावे लागतात आणि इथे एक जुना घोळ वाटेत उभा असतो.

आर्मच्या बहुतेक मोठ्या प्रोसेसरांमध्ये जीआयसी नावाचा इंटरप्ट कंट्रोलर असतो. त्याच्या हिशेबात ० ते १५ हे क्रमांक कोअर एकमेकांना पाठवतात त्या इंटरप्टचे, १६ ते ३१ प्रत्येक कोअरच्या खासगी इंटरप्टचे, उदाहरणार्थ त्याचा स्वतःचा टायमर, आणि ३२ पासून १०१९ पर्यंत सगळ्यांना सामायिक. आमचा सिरियल ब्लॉक अर्थातच सामायिक गटातला. डिव्हाइस ट्रीमध्ये मात्र प्रत्येक इंटरप्ट तीन आकड्यांनी लिहितात. पहिला आकडा गट सांगतो, सामायिक असेल तर ० आणि खासगी असेल तर १. दुसरा आकडा त्या गटातला क्रमांक आणि तो पुन्हा शून्यापासून मोजायचा. तिसरा आकडा ट्रिगरचा प्रकार, म्हणजे तारेवर काय दिसलं की इंटरप्ट धरायचा. म्हणजे मॅन्युअलमध्ये ७७ छापलेलं असेल तर डिव्हाइस ट्रीमध्ये ४५ येतं, ७७ वजा ३२. अडचण अशी, की काही मॅन्युअलं ७७ छापतात आणि काही सरळ ४५. कुठल्या मॅन्युअलची रीत कोणती, हे तपासल्याशिवाय वजाबाकीला हात लावू नये.

बोर्ड चालू करून '/प्रोक/इंटरप्ट्स' पाहिलं की याची शहानिशा होते, पण तिथेही दोन आकडे असतात. डावीकडे पहिला आकडा लिनक्सने स्वतः वाटलेला. तो त्या बूटपुरता, त्याचा हार्डवेअरशी संबंध नाही. मग प्रत्येक कोअरवर किती इंटरप्ट आले त्याची मोजणी, मग कंट्रोलरचं नाव आणि त्यानंतर जीआयसीचा खरा क्रमांक, ३२ धरून. आमच्या बाबतीत डीटीएसमध्ये ४५ आणि तिथे ७७ दिसला. लॅपटॉपवरून अक्षरं पाठवली की त्या ओळीतली मोजणी वाढत होती. रिसीव्हचा प्रश्न मिटला. ट्रान्समिट ७८ वर, त्याचीही तशीच खात्री झाली.

एररच्या तारेपाशी मात्र मॅन्युअल स्वतःशीच भांडत होतं. इंटरप्टच्या प्रकरणातल्या मोठ्या तक्त्यात तिचा क्रमांक ७९ होता. त्याच मॅन्युअलमध्ये सिरियल ब्लॉकच्या प्रकरणात, ब्लॉकच्या आकृतीखाली, तिचा क्रमांक ८३. शुद्धिपत्रात याबद्दल अवाक्षर नाही. ७७, ७८, ७९ असा ओळीने लागणारा क्रम दिसायला नीटस दिसतो आणि म्हणूनच तो गृहीत धरण्याचा मोह होतो. ड्रायव्हर ती तार वापरत नसल्यामुळे चुकीचा आकडा लिहिला असता तरी काहीच बिघडलं नसतं, निदान लगेच नाही. बिघाड झाला असता तो पुढे कधीतरी, दुसऱ्याच्या टेबलावर, आणि त्याला वाटलं असतं की बायंडिंगमध्ये लिहिलंय म्हणजे कुणीतरी तपासलेलं असणार.

म्हणून सिलिकॉनलाच विचारायचं ठरवलं. ही पद्धत थोडी सविस्तर सांगते, कारण असा पेच पडणाऱ्या कुणालाही ती उपयोगी पडेल. जीआयसीमध्ये प्रत्येक इंटरप्टमागे एक 'पेंडिंग' बिट असतो. तार वर गेली की तो बिट १ होतो, तो इंटरप्ट सुरू केलेला असो वा नसो. हे बिट ३२-३२ च्या गठ्ठ्यांनी रजिस्टरांमध्ये, म्हणजे चिपमधल्या छोट्या कप्प्यांमध्ये, मांडलेले असतात. कंट्रोलरच्या मूळ पत्त्यापासून हेक्स (१६ च्या पायावरच्या मोजणीत) २०० वर पहिलं रजिस्टर, त्यात ० ते ३१. हेक्स २०४ वर दुसरं, ३२ ते ६३. हेक्स २०८ वर तिसरं, ६४ ते ९५. म्हणजे ७९ आणि ८३ दोन्ही या तिसऱ्या रजिस्टरात पडतात. ७९ असेल तर १५ वा बिट, ८३ असेल तर १९ वा. एकदा वाचलं की निकाल.

कर्नल चालू असताना हे पाहणं गैरसोयीचं, कारण तो मधे लुडबुड करतो. मी यू-बूटच्या प्रॉम्प्टवर थांबले. आमच्या बोर्डवर यू-बूट सुरक्षित मोडमध्ये चालतो, त्यामुळे जीआयसीचे सगळे बिट वाचता येतात. असुरक्षित मोडमधून काही बिट नुसतेच शून्य दिसू शकतात, हे ध्यानात ठेवावं लागतं. कन्सोल दुसऱ्या सिरियल पोर्टवर होता, तपासायचा ब्लॉक मोकळा होता. त्याचं घड्याळ सुरू केलं, वेग १,१५,२०० वर लावला आणि त्याच्या इंटरप्ट-एनेबल रजिस्टरात फक्त एररचा बिट लावला. रिसीव्ह आणि ट्रान्समिट बंदच. मग हेक्स २०८ वाचलं: सगळी शून्यं. आता लॅपटॉप ९,६०० च्या वेगाला लावून काही अक्षरं पाठवली. वेग जुळत नाहीत, त्यामुळे बोर्डला स्टॉप बिटच्या जागी भलतंच काही दिसतं आणि फ्रेमिंगची चूक होते. पुन्हा वाचलं. पडद्यावर ०००८०००० आलं. १९ वा बिट. म्हणजे ८३.

ब्लॉकमधला एररचा स्टेटस बिट साफ केला, पुन्हा वाचलं, शून्य. पुन्हा चुकीच्या वेगाने अक्षरं पाठवली, पुन्हा १९ वा बिट. तक्त्यातला ७९ चुकीचा होता. डिव्हाइस ट्रीसाठी ८३ वजा ३२, म्हणजे ५१. हा प्रयोग मी जसाच्या तसा पॅचच्या, म्हणजे कर्नलसाठी पाठवायच्या बदलाच्या, कमिट मेसेजमध्ये लिहिला. मॅन्युअल वाचणारा पुढचा माणूस ७९ पाहून हा आकडा 'दुरुस्त' करायला येणार, याची मला खात्रीच होती.

याच प्रयोगातून ट्रिगरचाही उलगडा झाला. स्टेटस साफ करेपर्यंत पेंडिंग बिट १ च राहत होता आणि साफ केल्यावरच उतरत होता. म्हणजे तार लेव्हलची, वर असताना चालू. तिसरा आकडा ४. जुन्या कर्नलच्या डीटीएसमध्ये तिथे ० होता, म्हणजे प्रकार ठरवलेलाच नाही. पूर्वी असं खपून जाई. आताचा कर्नल जीआयसीच्या इंटरप्टसाठी असा ० दिसला तर बूट होताना लॉगमध्ये सरळ इशारा छापतो.

हा आकडा किरकोळ वाटतो, पण नाही. लेव्हलची तार एज म्हणून लिहिली, तर कर्नल फक्त तार चढण्याचा क्षण पाहतो. हँडलर, म्हणजे इंटरप्ट आल्यावर चालणारा कोड, एक कारण हाताळत असतानाच दुसरं कारण उद्भवलं तर तार खाली येतच नाही, मग नवा चढही येत नाही. रिसीव्ह गप्प पडतं, लॉगमध्ये चुकीचं काही दिसत नाही आणि माणूस प्रोटोकॉलमध्ये दोष शोधत बसतो. उलट, लेव्हलच्या तारेचं कारण कुणीच साफ केलं नाही तर इंटरप्टचा पूर येतो. कर्नल यावर लक्ष ठेवतो. एक लाखांपैकी ९९,९०० हून जास्त इंटरप्टची जबाबदारी एकाही हँडलरने घेतली नाही, तर 'नोबडी केअर्ड' असा संदेश छापून तो ती लाइन बंद करतो. पहिल्या प्रकारापेक्षा मला हा दुसरा बरा वाटतो, निदान बोंब तरी ठोकतो.

मग नावं. जुन्या बायंडिंगमध्ये नावं नव्हती. स्कीमात 'इंटरप्ट-नेम्स' घातलं की ड्रायव्हर नावाने तार मागू शकतो आणि डीटीएस वाचणाऱ्यालाही कुठली कशाची ते कळतं. आरएक्स, टीएक्स, ईआरआर, एवढीच नावं दिली, लहान अक्षरांत. पुढे 'आयआरक्यू' लावायचा मोह टाळायचा, कारण यादीच इंटरप्टच्या नावांची आहे. नावं दिली तरी क्रम मोडायचा नाही. आजवरचा ड्रायव्हर क्रमाने मागत आला आहे, म्हणून रिसीव्ह पहिला, ट्रान्समिट दुसरा आणि नवा एरर शेवटी.

इथे दोन पेच होते. पहिला जुन्या डीटीएस फाइलींचा. त्यांच्यात दोनच इंटरप्ट आहेत, त्या चुकीच्या ठरवता येत नाहीत. पण स्कीमात तीन नावांची यादी नुसती लिहिली, तर तपासणारं साधन तिन्ही सक्तीची धरतं. म्हणून किमान दोन, असं वेगळं सांगावं लागतं. दुसरा पेच भावंडांचा. याच घराण्यातल्या एका जुन्या प्रोसेसरमध्ये हाच ब्लॉक आहे, पण त्याच्या तिन्ही तारा आतल्या आत एकत्र करून एकच बाहेर काढली आहे. वाड्यातल्या सगळ्या बिऱ्हाडांना मिळून एकच घंटा असावी तसं. वाजली की कुणाकडे कोण आलंय ते खाली उतरून बघायचं. ड्रायव्हर स्टेटस रजिस्टर वाचून तेच करतो. जुन्या मजकुरात या फरकाचा उल्लेखच नव्हता. स्कीमात तो अटीने मांडला: नाव त्या जुन्या प्रोसेसरचं असेल तर इंटरप्ट एकच आणि नावांची यादी नको, एरवी किमान दोन, जास्तीत जास्त तीन.

लिहून झालं की 'मेक' या बिल्डच्या साधनाला बायंडिंग तपासायचा टार्गेट देऊन चालवायचं. आधी डीटी-स्कीमा हे पायथनचं पॅकेज घालावं लागतं. ते स्कीमाचं व्याकरण तपासतं, त्यातलं उदाहरण खरंच कंपाइल करतं आणि उदाहरण स्कीमाला जुळतं का तेही पाहतं. माझ्या मते या सगळ्या पद्धतीतला हा सर्वांत मोलाचा भाग आहे. जुन्या मजकुराच्या फाइलींमधली उदाहरणं कुणी कधी कंपाइल करून पाहतच नसे, सेमीकोलन गळलेली उदाहरणं वर्षानुवर्षं तशीच कॉपी होत राहिली.

त्यानंतर कर्नलमध्ये असलेल्या सगळ्या डीटीएस फाइलींवर हा स्कीमा चालवला. बहुतेक गप्प राहिल्या. एका बोर्डच्या फाइलीवर मात्र तक्रार आली, कारण तिच्यात नावं दिलेली होती आणि क्रम उलटा होता: आधी ट्रान्समिट, मग रिसीव्ह. आता दोन वाटा. एक, स्कीमा ढिला करून दोन्ही क्रम चालवून घ्यायचे. दुसरी, ती डीटीएस फाइल दुरुस्त करायची. ढिला स्कीमा लिहिणं सोपं असतं, पण मग क्रमाला अर्थच उरत नाही आणि क्रमाने मागणारा ड्रायव्हर कुठल्या भरवशावर मागणार? तरी दुसऱ्याच्या बोर्डची फाइल बदलण्यापूर्वी एक शोधायला हवं होतं: उलट्या क्रमाने तो बोर्ड इतकी वर्षं चालला कसा? उत्तर ड्रायव्हरमध्ये सापडलं. दोन्ही तारांवर तो एकच हँडलर बसवतो आणि हँडलर स्टेटस रजिस्टर वाचून काय ते ठरवतो. त्यामुळे अदलाबदल होऊनही काही बिघडत नव्हतं, आणि क्रम सुलटा केल्यानेही काही बिघडणार नव्हतं. तसं लिहून त्या बोर्डसाठी वेगळा पॅच केला.

पॅचचे शिष्टाचार थोडक्यात सांगते. बायंडिंगचा पॅच ड्रायव्हरच्या पॅचपासून वेगळा आणि त्याच्या आधी. शीर्षकात 'डिव्हाइस ट्री बायंडिंग' असं पुन्हा लिहायचं नाही, सुरुवातीच्या 'डीटी-बायंडिंग्ज' या शब्दावरून ते कळतंच. परवाना शक्यतो दुहेरी, जीपीएल-२ किंवा बीएसडी, म्हणजे लिनक्सबाहेरच्यांनाही वर्णन वापरता येतं. जुन्या मजकुरापेक्षा नव्या स्कीमात जे जे वेगळं आहे, ते सगळं कमिट मेसेजमध्ये कारणासकट. रिव्ह्यूमध्ये मला विचारलं गेलं ते नेमकं याच दोन जागी: किमान दोनच का, आणि एकत्र तारेची अट कशाच्या आधारावर. पहिल्याला उत्तर जुन्या डीटीएस फाइली, दुसऱ्याला त्या प्रोसेसरच्या मॅन्युअलमधली आकृती. दोन्ही उत्तरं स्वीकारली गेली. आधारासकट बोललं की रिव्ह्यू करणाऱ्या मंडळींशी काम करणं सोपं जातं. त्यांचे प्रश्न रोखठोक असतात, पण प्रत्येक प्रश्न हार्डवेअरबद्दलचा असतो.

आमच्या बोर्डवर अजून एक तार बाकी होती आणि ती मला सिरियल ब्लॉकपेक्षाही जास्त शिकवून गेली. कंपनं मोजायला आम्ही अ‍ॅनालॉग डिव्हायसेसचा एडीएक्सएल३४५ हा अ‍ॅक्सेलरोमीटर वापरतो. त्याला इंटरप्टच्या दोन पिना आहेत, आयएनटी१ आणि आयएनटी२. नवा नमुना तयार, टॅप झाला, वस्तू पडते आहे, एफआयएफओ (नमुने रांगेत साठवणारी जागा) ठरल्या पातळीपर्यंत भरला, अशी आठ कारणं. कुठलं कारण कुठल्या पिनवर न्यायचं ते हेक्स २एफ या रजिस्टरातले बिट ठरवतात. आमच्या बोर्डवर फक्त आयएनटी२ जोडलेली आहे. डीटीएसमध्ये नुसता एक इंटरप्ट लिहिला तर वाचणारा ती आयएनटी१ आहे असं धरून चालेल, कारणं त्या पिनवर पाठवेल आणि ती पिन हवेत लोंबकळतेय. म्हणून इथे नाव देणं ही सोय नसून गरजच आहे.

आता ट्रिगर. डेटाशीट सांगतं की पिन मुळात वर जाते; हेक्स ३१ रजिस्टरातला एक बिट लावला तर उलट. तो बिट वाचला, शून्य होता. मग डीटीएसमध्ये लेव्हल-हाय लिहायचं का? आमच्या हार्डवेअर विभागातल्या सरांना एकदा विचारून घ्यावं म्हणून गेले.

"अगं, स्कीमॅटिकचं पुढचं पान बघितलंस का?" त्यांनी पान उलटून बोट ठेवलं. "सेन्सरचं बोर्ड ३.३ व्होल्टवर आहे, प्रोसेसरची ती पिन १.८ ची. मधे हा मॉसफेट आहे."

"म्हणजे सर, तार उलटी होते?"

"होतेच. सेन्सर वर गेला की तुझ्या प्रोसेसरला खाली गेलेलं दिसणार. चल, स्कोपवर दाखवतो."

एक प्रोब सेन्सरच्या पिनवर, दुसरा मॉसफेटच्या, म्हणजे त्या ट्रान्झिस्टरच्या, पलीकडे. एफआयएफओमध्ये ३२ नमुने मावतात. आम्ही निम्म्यावर इशारा लावला होता. वरची रेघ चढली, त्याच क्षणी खालची रेघ पडली आणि पडलेलीच राहिली. ड्रायव्हरने नमुने उपसून घेतले तशी वरची उतरली, खालची पूर्ववत झाली. डीटीएसमध्ये लेव्हल-लो. तिथला आकडा इंटरप्ट कंट्रोलरला काय दिसतं ते सांगतो. चिपच्या पिनवर काय आहे ते नव्हे.

यात एक खाच आहे. काही सेन्सरांचे ड्रायव्हर डीटीएसमधला ट्रिगर वाचतात आणि त्याप्रमाणे चिपचीच पोलॅरिटी बदलून टाकतात. तार थेट असेल तर हे ठीक चालतं. मधे मॉसफेट असेल तर लेव्हल-लो वाचून ड्रायव्हर चिपला उलटं करणार, मॉसफेट ते पुन्हा उलटं करणार, आणि सेन्सर शांत असतानाच कंट्रोलरला इंटरप्ट चालू असल्यासारखं दिसणार. मग तोच पूर आणि तोच 'नोबडी केअर्ड'. म्हणून ड्रायव्हर सुरू झाल्यावर हेक्स ३१ पुन्हा वाचलं. तो बिट शून्यावरच होता. डीटीएसमध्ये त्या नोंदीच्या वर दोन ओळींची टिप्पणी लिहिली: आयएनटी२ मॉसफेटमधून येते, म्हणून कंट्रोलरपाशी उलटी. पुढे कुणी लेव्हल-हाय करायला आलं तर त्याने आधी स्कीमॅटिकचं ते पान उघडावं.

सिरियल ब्लॉकचा स्कीमा यथावकाश मेनलाइनमध्ये गेला, जुनी मजकुराची फाइल त्याच पॅचमध्ये काढून टाकली. काही महिन्यांनी परदेशातल्या एका डेव्हलपरने त्या ड्रायव्हरसाठी पॅच पाठवला: एररची तार असेल तर नावाने मागायची आणि चुका वेगळ्या मोजायच्या, नसेल तर पूर्वीसारखं चालू द्यायचं. बायंडिंगला त्याला हात लावावा लागला नाही. तो पॅच आम्ही आमच्या कर्नलवर घेतला. आता कारखान्यात सिरियलची केबल सैल झाली की '/प्रोक/इंटरप्ट्स'मधल्या ८३ च्या ओळीतली मोजणी चढू लागते. आमच्या देखभालीच्या टीमने त्या आकड्यावर अलार्म लावला आहे.